गाडी थांबलीच पाहिजे : ब्रेकच्या कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

मोटारीच्या ब्रेक यंत्रणेवर कायद्याने कोणत्या अटी घातल्या आहेत, याविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नव्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ‘ब्रेक यंत्रणा नियमांनुसार प्रमाणित’ एवढेच वाक्य असते. कायदा नेमके काय मागतो? गाडी किती अंतरात थांबली पाहिजे, याचा काही आकडा ठरलेला आहे का?

उत्तर : आकडा ठरलेला आहे, आणि तो प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. १९५८ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारान्वये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाहनांचे समान नियम तयार होतात आणि अनेक देश ते जसेच्या तसे किंवा आपल्या कायद्यात उतरवून लागू करतात. त्यांपैकी नियम क्रमांक १३-एच हा मोटारींच्या ब्रेकसाठी, क्रमांक १३ हा प्रामुख्याने बस, ट्रक आणि ट्रेलर यांच्यासाठी, तर क्रमांक ७८ हा दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी आहे. अमेरिकेचे नियम स्वतंत्र आहेत. तेथील हलक्या वाहनांसाठीचे संघीय मानक क्रमांक १३५ असे ओळखले जाते.

मोटारीची मूळ चाचणी अशी असते. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालवायची, इंजिन चाकांपासून सोडवायचे आणि पायब्रेक दाबायचा. पेडल दाबल्या क्षणापासून गाडी ७० मीटरच्या आत उभी राहिली पाहिजे. अमेरिकी मानकातही हाच आकडा आहे. पेडलवर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ किलो वजनाच्या भारापेक्षा, अधिक जोर द्यावा लागता कामा नये. त्यामुळे शरीराने किरकोळ असलेल्या माणसालाही गाडी तेवढ्याच अंतरात थांबवता येते. चाचणीच्या वेळी गाडी साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्याबाहेर जाऊ नये आणि तिचे तोंड १५ अंशांहून अधिक फिरू नये, अशीही अट असते. चाचणी रिकाम्या गाडीवर आणि पूर्ण भार घातलेल्या गाडीवर अशी दोन्ही प्रकारे होते.

हे ७० मीटर एका सूत्रातून येतात. वेगाचा आकडा ०.१ ने गुणायचा आणि त्यात वेगाच्या वर्गाची ०.००६ पट मिळवायची. पहिल्या भागातून १० मीटर येतात. पेडल दाबल्यापासून ब्रेक पूर्ण जोराने लागेपर्यंत जो क्षणभर वेळ जातो, त्यासाठी दिलेली ही सवलत असून ती सुमारे ०.३६ सेकंदाची आहे. उरलेले ६० मीटर प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे आहेत आणि त्या काळात वेग दर सेकंदाला किमान ६.४३ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत गेला पाहिजे. याच सूत्रात ताशी ५० किलोमीटर वेग घातला, तर उत्तर २० मीटर येते. वेग दुप्पट झाला की अंतर साडेतीनपट होते, ही गोष्ट कायद्याच्या सूत्रातच लिहिलेली आहे. ती शाळेत शिकवली जावी, असे मला वाटते.

मात्र या ७० मीटरांत चालकाला धोका दिसून त्याचा पाय पेडलवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे तत्पर चालकाच्या बाबतीतही प्रत्यक्ष अंतर शंभर मीटरच्या आसपास जाते, आणि तेही कोरड्या, चांगली पकड असलेल्या रस्त्यावर. नियमातली चाचणी अशाच रस्त्यावर होते. ब्रेकचे तापमानही सुरुवातीला ६५ ते १०० अंश सेल्सिअस या मर्यादेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘थंड’, असावे लागते.

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचे ब्रेक पेडल एकदा अचानक खाली गेले. गाडी बऱ्याच पुढे जाऊन, पण शेवटी थांबली. मेकॅनिक म्हणाला, ‘दुसऱ्या लाइनीने वाचवलं.’ ही दुसरी लाइन कायद्याने बंधनकारक आहे का?

उत्तर : होय. किंबहुना ब्रेकच्या कायद्याचा गाभा मला येथेच दिसतो. हे नियम पहिल्यांदा वाचायला घेतले, तेव्हा गाडी थांबवण्याविषयी ते जेवढे बोलतात, त्याहून अधिक ते काहीतरी मोडल्यावर काय शिल्लक उरावे याविषयी बोलतात, हे पाहून मी थक्क झालो होतो. पाइप फुटला तर, हवा गेली तर, पेडलवरचा जोर वाढवणारा बूस्टर बंद पडला तर, तार तुटली तर, अशा एकेका ‘तर’साठी तेथे स्वतंत्र अट आहे.

ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या यंत्रणेत पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एकापाठोपाठ दोन पिस्टन बसवलेले असतात आणि प्रत्येक पिस्टन आपापल्या स्वतंत्र लाइनीला दाब पुरवतो. काही गाड्यांत एक लाइन पुढच्या चाकांची व दुसरी मागच्या चाकांची असते. अनेक मोटारींत ती तिरकी, म्हणजे पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका लाइनीवर आणि उरलेली दोन दुसऱ्या लाइनीवर अशी, जोडलेली असते. त्यामुळे कोणतीही लाइन गेली तरी पुढचा एक ब्रेक हाती उरतो आणि पुढच्या ब्रेकवरच थांबवण्याचा मोठा भार असतो. अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी ही दुहेरी व्यवस्था १९६८ पासून सक्तीची झाली.

एक लाइन निकामी झाली, तरी ताशी १०० किलोमीटर वेगावरून गाडी १६८ मीटरच्या आत थांबली पाहिजे, असे नियम १३-एच आणि अमेरिकी मानक दोन्ही सांगतात. हे अंतर धडधाकट ब्रेकच्या जवळजवळ अडीचपट आहे. आपली गाडी ‘बऱ्याच पुढे जाऊन’ थांबली, त्यामागे हेच कारण होते. पेडल खाली जाते, कारण गळती झालेल्या बाजूचा पिस्टन दाब निर्माण न करता टेकेपर्यंत सरकत जातो आणि त्यानंतरच दुसऱ्या लाइनीत दाब वाढू लागतो. अशा वेळी पेडल खाली गेले म्हणून घाबरून पाय काढून घेणे सर्वांत घातक असते. पेडल तळापर्यंत सर्व शक्तीनिशी दाबून धरावे.

एखादी लाइन निकामी झाल्यास लाल दिवा लागला पाहिजे आणि ब्रेक ऑइलची टाकी न उघडता बाहेरूनच पातळी दिसली पाहिजे, या अटीही त्याच नियमांत आहेत. लाल दिवा लागलेल्या गाडीत उरलेली लाइन ही शेवटची असते. तिच्या भरवशावर घरापर्यंत जाण्याचा विचार करू नये. गाडी तेथेच उभी करून ओढून न्यावी.

प्रश्न : मी प्रवासी बस चालवतो. लांबच्या उतारावर ब्रेकचा वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी धरत नाही. नव्या बसमध्येही असे होते. कायदा फक्त सपाट रस्त्यावरचीच चाचणी घेतो का?

उत्तर : आपला प्रश्न या सदरातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देतो.

ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १६ टन वजनाची बस ६ टक्के उतारावरून ६ किलोमीटर खाली आली, तर ती ३६० मीटर उंची गमावते आणि तेवढ्यात सुमारे ५६ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा १६० लिटरहून अधिक थंड पाणी उकळीला आणण्यास पुरेशी आहे. तिचा काही वाटा टायर, हवा आणि इंजिन घेतात. उरलेली सगळी उष्णता ड्रम, डिस्क आणि त्यांच्यावर घासणारा लायनर यांत साठते. लायनर ठरावीक तापमानापलीकडे गेला की त्याची घर्षणशक्ती घटते, ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. आपल्याला येणारा वास हा त्या मर्यादेचा इशारा असतो.

कायद्याने हे गृहीत धरले आहे. मोटारींसाठी नियम १३-एचमध्ये अशी चाचणी आहे, की गाडीला ४५ सेकंदांच्या अंतराने १५ वेळा ब्रेक लावून वेग निम्म्यावर आणायचा आणि ब्रेक तापलेले असतानाच ती थांबवून पाहायची. तापलेल्या ब्रेकची ताकद नियमात सांगितलेल्या किमान ताकदीच्या ७५ टक्के आणि त्याच गाडीने थंड असताना दाखवलेल्या ताकदीच्या ६० टक्के यांहून कमी भरता कामा नये. मोठ्या बस व अवजड ट्रक यांच्यासाठी नियम १३ मध्ये उताराची वेगळी चाचणी आहे. पूर्ण भरलेले वाहन ६ टक्के उतारावरून ताशी ३० किलोमीटर वेगाने ६ किलोमीटर उतरवल्यास जेवढी उष्णता निर्माण होईल, तेवढी ब्रेक यंत्रणेने पचवली पाहिजे. त्यानंतर लगेच ब्रेक लावल्यावर बसचा वेग दर सेकंदाला किमान ३.७५ मीटर प्रति सेकंद इतका कमी झाला पाहिजे. थंड ब्रेकसाठी हाच आकडा ५ आहे. म्हणजे पूर्वीसारखी धरत नाही हा आपला अनुभव काही अंशी कायद्याने मान्य केलेला आहे. कायदा फक्त ती घट कोठे थांबली पाहिजे, एवढेच ठरवतो.

मात्र ही चाचणी योग्य गिअर टाकून, इंजिनाचा अडथळा घेत केली जाते. इंधन वाचावे म्हणून जो चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतो, तो ज्या परिस्थितीसाठी ब्रेक तपासलेच गेले नाहीत त्या परिस्थितीत प्रवाशांना नेत असतो. शिवाय यातून इंधनही वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहते.

लांब पल्ल्याच्या बस आणि धोकादायक माल वाहणारी काही वाहने यांच्यासाठी नियम याहून कडक आहे. ७ टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटर हा वेग त्यांनी पायब्रेकला अजिबात हात न लावता, केवळ इंजिन ब्रेक, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न घासता गाडी मंदावणारे यंत्र, यांच्या जोरावर ६ किलोमीटर राखला पाहिजे. आपल्या बसमध्ये रिटार्डर असेल, तर तो ऐच्छिक सोय समजून बंद ठेवू नये. उतार सुरू होण्याआधीच तो लावावा आणि गिअर खाली आणावा. उताराच्या मध्यावर तापलेल्या ब्रेकनिशी गिअर बदलण्याची वेळ येता कामा नये.

हवेच्या ब्रेकविषयीही थोडे सांगतो. पेडल झपाट्याने दाबल्यापासून ब्रेक चेंबरमधील दाब अंतिम दाबाच्या ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास ०.६ सेकंदाहून अधिक वेळ लागता कामा नये. टाक्यांमध्ये हवेचा साठा इतका हवा, की कॉम्प्रेसरची मदत न घेता पेडल आठ वेळा पूर्ण दाबल्यावरही आणीबाणीच्या ब्रेकला लागणारा दाब शिल्लक राहील. आठ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण उतारावर सतत पेडल मारत राहिल्यास तो किती लवकर संपतो याचा विचार करावा. बहुतेक अवजड वाहनांत हातब्रेकचा जोर स्प्रिंगचा असतो आणि हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून धरते. हवा पूर्ण गेली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते, म्हणून अशी गाडी दाब भरेपर्यंत हलत नाही. काही ठिकाणी घाईपायी हे स्प्रिंग बोल्टने आवळून ‘मोकळे’ करून गाडी हाकली जाते. ती सोय बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी आहे. प्रवासी घेऊन तसे चालवणे म्हणजे शेवटचा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

प्रश्न : हातब्रेक किती चढावर गाडी धरू शकेल, याचे काही बंधन आहे का? हल्ली लिव्हरऐवजी नुसते बटण असते, ते कायद्याला चालते का?

उत्तर : मोटारीचा हातब्रेक पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर धरून ठेवू शकला पाहिजे. २० टक्के म्हणजे आडव्या १०० मीटर अंतरात २० मीटर चढ. अवजड वाहनांसाठी ही मर्यादा १८ टक्के, तर जोडलेल्या ट्रेलरसह १२ टक्के आहे. मोटारीच्या हाताने ओढण्याच्या लिव्हरवर ४०० न्यूटनहून अधिक जोर लागता कामा नये. बटण चालते. बटण दाबल्यावर मोटर फिरली तरी हरकत नाही, पण एकदा लागलेला ब्रेक निव्वळ यांत्रिक अडकणीने लागलेला राहिला पाहिजे, अशी अट आहे. वीज गेली, ऑइल गळले किंवा गाडी महिनाभर उभी राहिली, तरी तो सुटता कामा नये.

हातब्रेक चालत्या गाडीवर लावूनही तपासला जातो. ताशी ३० किलोमीटर वेगावर त्याने वेग दर सेकंदाला किमान १.५ मीटर प्रति सेकंद इतका कमी केला पाहिजे. पायब्रेक पूर्ण गेल्यास हा आधार उरतो. अनेक मोटारींत बटण ओढून धरल्यास ही क्रिया होते. आपल्या गाडीत ती कशी होते, हे माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावे.

प्रश्न : डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा कायम लागलेला असतो. ब्रेक मात्र व्यवस्थित लागतात. गाडी चालवण्यात बेकायदा काही आहे का?

उत्तर : दिव्यांच्या रंगांना कायद्यात निश्चित अर्थ आहे. लाल दिवा म्हणजे ब्रेकची ठरवून दिलेली ताकद मिळत नाही किंवा एक लाइन गेली आहे. पिवळा दिवा म्हणजे ब्रेकच्या विद्युत नियंत्रणात बिघाड आहे, पण मूळ ब्रेक शाबूत आहेत. आपले ब्रेक ‘व्यवस्थित’ वाटतात ते यामुळेच. मात्र जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होणार नाहीत, ही हमी आता उरलेली नाही.

एबीएसकडून नियम काय मागतो, ते समजले तर ही हमी काय होती हे कळेल. गाडीची डावी चाके निसरड्या आणि उजवी चाके चांगल्या पकडीच्या भागावर असताना पूर्ण जोराने ब्रेक लावला, तरी एबीएसच्या थेट नियंत्रणाखालची चाके जाम होता कामा नयेत आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी पहिल्या दोन सेकंदांत स्टिअरिंग १२० अंशांहून अधिक वळवावे लागू नये. ताशी १५ किलोमीटरच्या खाली मात्र चाके जाम झाली तरी चालतात. सैल खडीवर किंवा ताज्या बर्फावर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. त्याचे खरे काम गाडी वळती ठेवण्याचे आहे.

युरोपीय संघात १२५ सीसीवरील मोटारसायकलींच्या नव्या मॉडेलना २०१६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना २०१७ पासून एबीएस बंधनकारक झाले. भारतात ते १ एप्रिल २०१८ पासून नव्या आणि १ एप्रिल २०१९ पासून आधीच्या मॉडेलना लागू झाले. त्याच्या पुढची पायरी असलेले गाडीची दिशा सावरणारे नियंत्रण अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना सक्तीचे आहे. युरोपीय संघाच्या तपासणी नियमांनुसार एबीएसच्या बिघाडाचा दिवा लागलेला असणे हा गंभीर दोष मानला जातो आणि तपासणीत गाडी नापास होते. बरेचदा दोष चाकाजवळच्या एखाद्या मळलेल्या सेन्सरचा किंवा तुटलेल्या तारेचा असतो. तो शोधून दुरुस्त करून घ्यावा. बल्ब काढून दिवा विझवणे हा प्रकार मात्र अक्षम्य आहे.

प्रश्न : मूळ कंपनीचेच ब्रेक पॅड घ्यावेत, की बाहेरचे चालतील?

उत्तर : बाहेरचे चालतात, पण प्रमाणित असतील तरच. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ९० खास बदली पॅड, लायनर, ड्रम व डिस्क यांच्यासाठी आहे. बदली पॅड लावल्यावर गाडीची थांबण्याची ताकद मूळ पॅडच्या १५ टक्के मागेपुढे राहिली पाहिजे, असे तो सांगतो. येथे वरची मर्यादाही आहे, हे ध्यानात घ्यावे. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा वाटा ठरवताना मागची चाके आधी जाम होऊ नयेत, याची काळजी घेतलेली असते. मागची चाके आधी अडकली की गाडी गर्रकन फिरते. एका धुरीवर जास्तच पकडणारे पॅड घातले, तर हा समतोल ढळतो. प्रमाणित पॅडवर वर्तुळातले ई हे अक्षर आणि मंजुरीचा क्रमांक असतो. ते एका धुरीच्या पूर्ण संचात आणि आधी उघडल्यास कळेल अशा बंद वेष्टनात विकले जावेत, असाही नियम आहे. एकाच चाकाचे पॅड बदलून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

प्रश्न : ब्रेक साफ करताना उडणाऱ्या धुळीत ॲसबेस्टॉस असते का?

उत्तर : नियम १३ आणि १३-एच यांनी ब्रेकच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरण्यास मनाई केली आहे. जुन्या किंवा अप्रमाणित मालात ते असू शकते. म्हणून धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

प्रश्न : ब्रेक ऑइल कमी झालेले नसताना ते बदलायला का सांगतात? डब्यावरच्या डॉट ३, डॉट ४ यांचा अर्थ काय?

उत्तर : हे आकडे अमेरिकेच्या संघीय मानक क्रमांक ११६ मधून आले आहेत आणि जगभर रूढ झाले आहेत. त्यांत मुख्य भेद उत्कलनबिंदूचा आहे. डॉट ३ चे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ चे २३० आणि डॉट ५.१ चे २६० अंशांपर्यंत. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि पाणी शिरले की उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून मानकात ओल्या ऑइलसाठीही किमान आकडे आहेत, ते अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंश असे. डब्यातली पातळी तीच राहते, पण आतल्या ऑइलची उष्णता सोसण्याची ताकद गेलेली असते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पेडल मऊ पडून खाली जाते आणि दोन्ही लाइनींतले ऑइल एकाच वेळी भरलेले व सारखेच जुने असल्यामुळे दुहेरी लाइनीचा आधारही अशा वेळी पुरा पडत नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ते इतरांत मिसळू नये. नावात साम्य असले तरी डॉट ५.१ वेगळे आहे.

प्रश्न : मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो, असे वडील सांगत आले. मी केवळ मागचाच वापरते. कायदा दोन ब्रेक का मागतो?

उत्तर : वडिलांची काळजी खरी आहे, पण केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणे अधिक धोक्याचे आहे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक करारानेही मोटारसायकलला दोन ब्रेक, एक पुढच्या आणि एक मागच्या चाकावर, असे सांगितले आहे. नियम क्रमांक ७८ चे आकडे बोलके आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगावर केवळ पुढच्या ब्रेकने गाडी सुमारे ३७ मीटरच्या आत थांबली पाहिजे, तर केवळ मागच्या ब्रेकला सुमारे ५४ मीटरपर्यंत मुभा आहे. ब्रेक लागताच वाहनाचा भार पुढे झुकतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावर पकड राहत नाही, त्यामुळे ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग मर्यादित राहतो. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत आणि हँडल सरळ असताना लावावा. मोकळ्या जागेत कमी वेगावर याचा सराव आवर्जून करावा.

प्रश्न : माझी मोटार विजेवर चालते. ॲक्सिलरेटर सोडला तरी ती बरीच मंदावते आणि ब्रेकला पाय लावावा लागत नाही. मागच्या गाडीला दिवा दिसतो का?

उत्तर : हा प्रश्न नियमात नेमकेपणाने सोडवलेला आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेग दर सेकंदाला ०.७ मीटर प्रति सेकंद इतका किंवा त्याहून कमी घटत असेल, तर मागचा ब्रेकचा दिवा लागू नये. ०.७ ते १.३ यांच्या दरम्यान तो लागला तरी चालतो. घट १.३ पेक्षा अधिक, म्हणजे दर सेकंदाला ताशी सुमारे ४.७ किलोमीटरहून जास्त असेल, तर तो लागलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात दोन गाड्यांचे वागणे वेगळे असू शकते, म्हणून पुढे विजेची गाडी असल्यास दिव्याची वाट न पाहता अंतर राखावे.

केवळ ॲक्सिलरेटर सोडण्याशी जोडलेल्या, पायब्रेकचा भाग नसलेल्या अशा विद्युत ब्रेकची मदत मूळ चाचणीत धरली जात नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असली की तो क्षीण होतो आणि तेव्हा सर्व भार नेहमीच्या डिस्कवर येतो. या डिस्क एरवी कमी वापरल्या गेल्याने गंजतात. मागे कोणी नसताना अधूनमधून पायब्रेक चांगला दाबून त्या घासून घ्याव्यात.

प्रश्न : वार्षिक तपासणीत गाडी पास झाली, पण ब्रेक दाबल्यावर ती डावीकडे ओढते. तपासणीत नेमके काय पाहतात?

उत्तर : रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर मोजतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि तिला गाडीच्या वजनाने भागतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१२ नंतर प्रथम नोंदलेल्या मोटारींसाठी हे प्रमाण किमान ५८ टक्के आणि हातब्रेकसाठी १६ टक्के लागते. नव्या गाडीच्या चाचणीतला ६.४३ हा आकडा याच मापात मांडला, तर तो सुमारे ६६ टक्के होतो. म्हणजे झीज कायद्याने धरलेली आहे आणि पास झालेली गाडी नव्या गाडीइतक्या अंतरात थांबेलच असे नाही. खासगी मोटारींच्या नियमित तपासणीबाबत अमेरिकेत संघीय सक्ती नाही, तो निर्णय राज्यांवर सोपवला आहे.

आपल्या तक्रारीशी थेट संबंध आहे तो दुसऱ्या अटीचा. एका धुरीवरील कमजोर चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर तो गंभीर दोष ठरतो. स्टिअरिंगच्या चाकांत तो ५० टक्क्यांच्या खाली गेला, तर दोष धोकादायक मानला जातो. याचा अर्थ तीस टक्क्यांपर्यंतचा फरक तपासणीत खपून जातो आणि गाडी ओढण्यास तेवढा पुरतो. गाडी डावीकडे ओढत असेल तर उजव्या बाजूचा जोर कमी पडत असावा. तेथील कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकलेला आहे का, पॅडवर तेल किंवा ग्रीस लागले आहे का, लवचीक होज आतून फुगून ऑइल अडवते का, आणि पुढच्या दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे का, हे या क्रमाने पाहून घ्यावे. तपासणीच्या कागदावर प्रत्येक चाकाचे आकडे छापलेले असतील, तर तो कागद मेकॅनिकला दाखवावा. कोणते चाक मागे पडले आहे, हे त्यावरून लगेच कळेल.